साखर लपवता येत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सप्टेंबर २०२२ मधली गोष्ट. माझी एक दाढ हलायला लागली होती. ती काढून टाकावी म्हणून मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोंड पाहिलं, हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, ‘‘आधी रक्तातली साखर तपासून या.’’ मला हसू आलं. माझं वजन छप्पन्न किलो. कॉलेजात मित्र मला काडीपैलवान म्हणत, आणि ते नाव पन्नाशी ओलांडल्यावरही शोभत होतं. साखर लठ्ठ माणसांना होते, खाऊन-पिऊन सुखी असणाऱ्यांना होते, असंच मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी अहवाल हातात आला. उपाशीपोटी १८६, जेवणानंतर २७१ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा ८.९. यवतमाळहून लोहाऱ्याला येताना ऑटोत बसून मी तो कागद चार वेळा वाचला. कवितेचा माणूस मी, पण त्या तीन आकड्यांपुढे एक शब्द सुचेना. घरी आलो, कागदाची घडी केली, कपाटातल्या एका जाड शब्दकोशात ठेवली आणि बायकोला सांगितलं, ‘‘दाढ अजून महिनाभर राहू द्या म्हणाले.’’

मित्रहो, आज मी तुमच्याशी मधुमेहावर बोलणार आहे, पण डॉक्टर म्हणून नाही. तो अधिकार माझा नाही. दीर्घकाळ सोबत राहणारा आजार आपल्याला झाला आहे हे कळल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत माणूस काय करतो आणि त्याने काय करावं, एवढंच सांगणार आहे. त्या महिन्यांत मी सगळ्यात मोठी चूक केली. ती गोड खाण्याची नव्हती. मी आजार लपवला.

लपवला, कारण लाज वाटली. ताप आला की माणूस बेधडक सांगतो, हाड मोडलं तर प्लास्टर मिरवतो. साखर म्हटली की मात्र समोरचा लगेच विचारतो, ‘‘गोड फार खात होता काय?’’ जणू आपण चोरी करताना सापडलो. दुसरी होती भीती. माझ्या एका काकांचा पाय या आजारात कापावा लागला होता. घरात त्यांची आठवण निघाली की आवाज खाली यायचा. आपलंही असंच बोललं जाईल, या विचाराने मी तोंड मिटून घेतलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या मी ‘पित्ताच्या’ म्हणून घेऊ लागलो. दिवाळीला शेजारून फराळाचं ताट आलं, करंजी-अनारसे सगळ्यांबरोबर खाल्ले. जानेवारीत संक्रांत आली, दहा घरचे तिळगूळ आले. कुणाला नाही म्हणणार? नाही म्हटलं तर कारण सांगावं लागतं. कविसंमेलनांत चहा तर विचारूच नका. आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. मी तो पीत राहिलो आणि रात्री एकटाच मनातल्या मनात हिशेब करत राहिलो.

मग एप्रिल २०२३ मध्ये रमजान चालू असताना व्हायचं ते झालं. मी रोजे धरत होतो. डॉक्टरांना रोज्यांबद्दल सांगितलं नव्हतं आणि मौलानांना आजाराबद्दल. गोळ्यांची वेळ मीच बदलली. सकाळची गोळी सहरीला, एवढं सोपं गणित. त्या दिवशी असरच्या नमाजनंतर घरी येत होतो. अचानक दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, ओठ बधिर, डोळ्यांपुढे अंधारी. वाटेतल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर कसाबसा बसलो. दुकानदार काका सत्तरीचे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘भाऊ, तुम्हाले शुगर आहे काय?’’

मी म्हणालो, ‘‘नाही.’’

जीव जायची वेळ आली होती आणि मी ‘नाही’ म्हणालो. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. काकांनी माझं ऐकलं नाही. त्यांना स्वतःला वीस वर्षांपासून साखर होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी बरणीतली तीन चमचे साखर पेल्यात टाकली, पाणी ओतलं, ढवळलं आणि पेला माझ्या तोंडाशी धरला. मी म्हणालो, ‘‘रोजा आहे.’’ ते म्हणाले, ‘‘उद्या धरजा रोजा. आज जीव धरा.’’

पंधरा मिनिटांत माणसात आलो. त्या रात्री शब्दकोशातला कागद काढून बायकोसमोर आणि मुलीसमोर ठेवला. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘सात महिने माझ्या हातचं खाता आणि मलाच सांगत नाही?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलगी मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. तिथे प्रथमच मी सगळं खरं सांगितलं आणि प्रथमच मला आजार समजावून घेता आला.

आता तो आजार काय आहे ते आपल्या भागातल्या भाषेत सांगतो. कापसाचा हंगाम आठवा. भरलेल्या बंड्या जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगेने उभ्या आहेत. आत गोदाम आहे, यंत्रं आहेत, पण फाटक उघडल्याशिवाय माल आत जात नाही. आपण खातो त्याची साखर होऊन ती रक्तात येते. ती पेशींत, विशेषतः स्नायूंत शिरली तर तिची शक्ती होते. हे फाटक उघडण्याचं काम इन्शुलिन करतं. कुणाच्या शरीरात इन्शुलिन कमी तयार होतं, कुणाच्या शरीरात फाटकच गंजलेलं असतं, आणि बहुतेकांत दोन्ही दोष थोडेथोडे असतात. मग बंड्या रस्त्यावरच तुंबतात. रक्तात साखर साचते आणि वर्षानुवर्षं साचली की डोळे, मूत्रपिंडं, नसा, हृदय या सगळ्यांची नासाडी करते. हा झाला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा. पहिल्या प्रकारात शरीर इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. तो बहुधा लहान वयात होतो आणि त्यात सुरुवातीपासूनच इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं.

पण माझा प्रश्न वेगळा होता. मी लठ्ठ नाही, मग मला कसा? याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या कोड्यावर अनेक वर्षं काम केलं. २००४ साली त्यांचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघं शेजारी उभे. उंची-वजनाच्या प्रमाणाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा सारखाच, २२.३. म्हणजे दोघंही कागदावर सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के निघाली. दिसायला बारीक, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. गोदाम लहान आणि माल तेवढाच, असा हा प्रकार.

ही ठेवण येते कुठून? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. त्या आयांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांच्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सर्व बाजूंनी लहान होती, पण त्यांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. थोडक्यात, आईच्या पोटात उपासमार सोसलेलं शरीर चरबी राखून ठेवायला शिकतं, आणि पुढे पोटभर मिळू लागलं, बैठं काम आलं, की तेच शरीर साखरेला बळी पडतं.

हे समजलं तेव्हा माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. माझी आई कापूस वेचायला जायची. दुष्काळाचे दिवस तिने पाहिले होते. माझ्या रक्तातल्या साखरेत माझा आळस आहेच, तो मी नाकारत नाही, पण तिची उपाशी राहिलेली संध्याकाळही आहे. मग लाज कशाची बाळगायची? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, २०२१ मध्ये भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह होता. त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख. एवढ्या मोठ्या जमावात एकटं पडण्याचं कारण नाही.

लाज उतरली की घाई करावी लागते, कारण निदानानंतरची पहिली वर्षं सोन्याची असतात. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९१ या काळात नव्यानेच निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांना एका मोठ्या अभ्यासात घेतलं गेलं. काहींची साखर औषधांनी काटेकोरपणे ताब्यात ठेवली, काहींना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुख्यतः आहारावर ठेवलं. १९९८ साली निष्कर्ष आले. काटेकोर गटात डोळे, मूत्रपिंडं अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या तक्रारी २५ टक्क्यांनी कमी होत्या. नवल पुढेच आहे. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही दहा वर्षांनी पाहिलं, तर सुरुवातीला काळजी घेतलेल्यांचा फायदा टिकून होता, आणि त्यांच्यात हृदयविकाराचे झटकेही कमी होते. शरीर सुरुवातीची काळजी विसरत नाही. हे वाचलं तेव्हा शब्दकोशात घालवलेले सात महिने मला फार महाग वाटले.

नव्याने निदान झालेल्या माणसाने करायच्या गोष्टी तशा थोड्या आहेत. आकडे ओळखावेत. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारा ‘एचबीए१सी’ ६.५ किंवा त्याहून जास्त, म्हणजे मधुमेह. त्रास काहीच नसेल तर एका तपासणीवर न थांबता ती पुन्हा करून खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. एचबीए१सी तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यात तीन महिन्यांचा हिशेब सापडतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. विदर्भातल्या लोकांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. त्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा फसवा येऊ शकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ते साखर दुसऱ्या पद्धतीने तपासतील.

डोळ्यांची तपासणी बाहुली मोठी करून, निदान झालं की लगेच आणि मग वर्षातून एकदा करावी. लगेच अशासाठी की दुसऱ्या प्रकारचा मधुमेह कळण्याआधी अनेकदा काही वर्षं अंगात मुक्कामाला असतो. लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासावं. रक्तदाब पाहावा. दात-हिरड्यांकडे लक्ष द्यावं. माझा आजार तर हिरड्यांनीच पकडून दिला. आणि पाय रोज पाहावेत. नसा बधिर झाल्या की काटा रुतला तरी कळत नाही, आणि आपल्याकडे शेतात अनवाणी जाणारे पुष्कळ. मशिदीत, मंदिरात आपण चपला बाहेर काढतो. उन्हाळ्यात यवतमाळची फरशी कशी तापते ते मी सांगायला नको. रात्री झोपण्यापूर्वी तळपाय डोळ्यांनी पाहायचे, दिसत नसतील तर आरसा धरायचा. माझी मुलगी गमतीने म्हणते, ‘‘अब्बा, चेहऱ्यापेक्षा पायच जास्त पाहता आता.’’ माझ्या काकांचे पाय कुणी वेळेवर पाहिले असते तर कदाचित तो प्रसंग टळला असता.

खाण्याबद्दल शंभर माणसं शंभर सल्ले देतात. ज्वारीची भाकर चालते, म्हणून चार खाव्यात असं नाही. ज्वारीतही पिष्ट असतंच, मोजून खावी लागते. मी ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला देतो, पाव जागा तुरीच्या किंवा मुगाच्या वरणाला, उरलेल्या पाव जागेत भाकर. जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटं चालतो, कारण चालणारा स्नायू फाटक उघडायला मदत करतो. कडू रस, जडीबुटी, ‘साखर मुळापासून घालवा’च्या जाहिराती यांच्या नादी लागून डॉक्टरांची गोळी सोडू नका. गोळीने सुरुवातीला पोट बिघडलं तर त्यांनाच सांगा, ते मात्रा बदलतील. सरकारी व्यवस्थेत तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय आहे. गावातल्या आशाताईंना विचारा, आरोग्य उपकेंद्रात जा. यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच.

उपासाचा प्रश्न माझ्यासारखाच तुमचाही असेल. रोजा असो, नवरात्र असो की एकादशी, आधी डॉक्टरांशी बोला. कुणाला उपास चालतो, कुणाला अजिबात नाही. ते साखरेवर, गोळ्यांच्या प्रकारावर आणि इतर आजारांवर ठरतं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. रोज्यात बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. आणि ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असं या विषयातले तज्ज्ञ डॉक्टर सांगतात. मी नंतर आमच्या मौलानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आजाऱ्याला सूट खुद्द कुराणाने दिली आहे. ती नाकारून जिवावर बेतून घेणं ही काही जास्तीची भक्ती नाही. माझी मान खाली गेली.

आता सांगण्याबद्दल. गावभर दवंडी पिटावी असं मी म्हणत नाही. पण निदान तीन ठिकाणी सांगाच. घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला, कारण तुमचं अर्धं औषध तिच्या किंवा त्याच्या हातात आहे. ज्यांच्यासोबत दिवस जातो त्यांना, म्हणजे कामावरच्या सोबत्याला, शेजाऱ्याला. घाम फुटून थरथर सुटली तर तीन चमचे साखर पाण्यात द्यायची आणि शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यायचं, एवढं त्यांना शिकवून ठेवा. आणि सख्ख्या भावंडांना, मुलांना, कारण हा आजार घराण्यात फिरतो. माझं कळल्यावर घरात सगळ्यांची तपासणी झाली. बायकोची उपाशीपोटी साखर ११२ निघाली, म्हणजे उंबरठ्यावर. मी आणखी वर्षभर गप्प बसलो असतो तर तिचंही वर्ष गेलं असतं. लपवण्याची किंमत लपवणारा एकटा मोजत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सांगूनही मन उभारी धरत नसेल, दोन-दोन आठवडे झोप येत नसेल, कशातच जीव रमत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. साखरेइतकीच तीही खरी तक्रार आहे. ‘टेलिमानस’ ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं.

त्या वर्षीची ईद एप्रिलच्या २२ तारखेला होती. दरवर्षीप्रमाणे पाच घरी गेलो. प्रत्येक घरी शीरखुर्म्याची वाटी पुढे आली आणि प्रत्येक घरी मी म्हणालो, ‘‘मला साखर आहे, एकच चमचा द्या.’’ पहिल्या घरी जीभ अडखळली. दुसऱ्या घरी घरधनी म्हणाला, ‘‘अरे, मलाही आहे!’’ चौथ्या घरी भाभींनी हळूच विचारलं, ‘‘भाईजान, तपासणी कुठे करता? मला पण करायची आहे.’’ मी त्यांना पत्ता दिला.

परतताना किराणा दुकानाच्या ओट्यावर थांबलो. काकांसाठी डब्यात आणलेला शीरखुर्मा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘‘एकच चमचा.’’ आम्ही दोघांनी एकेक चमचा खाल्ला. उरलेला त्यांच्या नातवाने संपवला.